सत्तावन्न पानांनी खोडलेली ओळ

इसवी सन २१४७, मार्च महिन्याची एकोणीस तारीख, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. स्थळ: 'पुलस्त्य' हे आंतरग्रहीय यान, युरेनसची कक्षा ओलांडून नेपच्यूनकडे जाताना, प्रवासाचा दोन हजार चारशे साठावा दिवस.

त्या वेळी यानाचे मुख्य संगणनकार यशोधन केळुसकर स्वतःच्या शीतमंजूषेची काच पुसत होते. तीन दिवसांनी त्यांची जागरणाची पाळी संपणार होती आणि पुढील अकरा महिने त्यांना या मंजूषेत निजायचे होते. यानावर माणसे चार. त्यांपैकी तिघे आळीपाळीने निजत आणि उठत; पाळी बदलताना तेवढे काही दिवस तिघेही जागे असत. चौथी व्यक्ती, हिमरसायनज्ञ इरावती केळुसकर, मुक्कामी पोहोचल्यावरच उपयोगी पडणार असल्याने पहिल्या दिवसापासून निजलेली होती. ती त्यांची पत्नी. तिच्या मंजूषेची काच ते रोज सकाळी पुसत, फलकावरचे तापमान वाचत, तीन अंश असल्याची खात्री करून घेत आणि समाधानाने कामाला लागत.

"केळुसकर, जरा इकडे या," यानाचे वैद्य डॉक्टर सायमन तुस्कानो पलीकडून म्हणाले. "वहिनींच्या मंजूषेचा एक दिवा पिवळा झालाय. हा कसला?"

"स्मृतिदीप. मंजूषेच्या संगणकाची स्मृती भरत आली की तो पिवळा होतो." केळुसकर हातातले फडके घडी करीतच आले. "पण तो पिवळा होणं अशक्य आहे. मंजूषा चालवणाऱ्या संगणकक्रमाला जेमतेम शंभरावा हिस्सा स्मृती लागते. आमच्याकडे तशी सिद्धता आहे."

"सिद्धता आहे आणि दिवाही आहे," तुस्कानो म्हणाले. वसईचा हा माणूस कोणतीही गोष्ट आवाज न चढवता बोले, आणि त्यामुळेच केळुसकरांना त्याच्याशी वाद घालणे जड जाई. "आता दोघांपैकी खोटं कोण, ते तुम्ही ठरवा."

फलकावर आकडा होता: नव्व्याण्णव पूर्णांक सहा दशांश टक्के.

केळुसकर कागद आणि पेन्सिल घेऊन बसले. यंत्रासमोर बसून विचार करणाऱ्या संगणनकारांविषयी त्यांना मनापासून तिटकारा होता. ओळीमागून ओळ त्यांनी स्मरणातून उतरवली. चारही मंजूषांचा नियंत्रणक्रम त्यांनीच लिहिला होता, तेव्हा त्यांना मूळ प्रत पाहण्याची गरज नव्हती. बाराच्या सुमारास पेन्सिल एका जागी थांबली. त्या जागी पूर्वी एक ओळ होती, आणि ती आता नव्हती. केळुसकर वादात कधी हार मानत नसत. परंतु स्वतःशी चाललेल्या वादात ते अप्रामाणिकही नव्हते. ते उठले आणि यानप्रमुख मृणालिनी घोरपडे यांना त्यांनी भोजनकक्षात बोलावले.

"सोप्या मराठीत सांगा," घोरपडेबाईंनी बसता बसताच बजावले. "तुमची ती विरजा भाषा मला कळत नाही. विरजण तेवढं कळतं."

केळुसकर हसले नाहीत. त्यांनी फडताळातून चार हातरुमाल काढले, कागदाच्या चार चिठ्ठ्या केल्या आणि मेजावर मांडल्या.

"विरजा ही फलनाधिष्ठित संगणकभाषा आहे. तिच्यात एकदा ठरलेली किंमत कधी बदलत नाही. जुन्या किमतीवरून नवी किंमत काढायची, एवढंच करता येतं. आणि दुसरं म्हणजे ती विलंबित गणन करते. एखादी किंमत कोणी मागेपर्यंत ती काढतच नाही. 'कशी काढायची' एवढं बांधून ठेवते."

त्यांनी पहिल्या रुमालात एक चिठ्ठी ठेवून गाठ मारली. "हे पहिल्या मिनिटाचं गणनगाठोडं. आत संवेदकाचं वाचन आहे आणि ते मागच्या बेरजेत मिळवायची सूचना आहे. बेरीज झालेली नाही. आता दुसरं मिनिट." ते गाठोडे त्यांनी दुसऱ्या रुमालात ठेवले, शेजारी दुसरी चिठ्ठी टाकली आणि पुन्हा गाठ मारली. "तिसरं. चौथं."

मेजावर एकच गाठोडे उरले, चांगले फुगलेले.

"दर मिनिटाला एक," ते म्हणाले. "इरावती निजल्यापासून पस्तीस लाखांहून जास्त झाली आहेत. एकात एक."

"तापमान तर रोज दिसतं की," घोरपडेबाई म्हणाल्या.

"तापमान यंत्राला दर मिनिटाला लागतं, शीतक कमीजास्त करायला. म्हणून ते दर मिनिटाला काढलं जातं. या क्रमात एकच किंमत अशी आहे, जी उठवण्याच्या दिवसापर्यंत कोणालाच लागत नाही. निद्रेत शरीरात साठणाऱ्या शीतविषाचा एकूण संचय."

तुस्कानोंनी मान वर केली. "म्हणजे मला लागतो तोच आकडा."

"तोच."

"आपण तिघं तर दर वेळी बिनबोभाट उठलो," घोरपडेबाई म्हणाल्या.

"आपण अकरा महिन्यांनी उठतो. गाठोडं लहान असतं, एका क्षणात सुटतं. ही सहा वर्षं नऊ महिने निजली आहे."

"मग सोडा की गाठी. आत्ता मागा तो आकडा."

केळुसकरांनी गाठोडे पुढे ओढले. "चौथी बेरीज करायला तिसरी लागते. म्हणून हा रुमाल उघडून इथे अंथरून ठेवायचा, चिठ्ठी त्याच्यावर. मग आतलं घ्यायचं. त्याला दुसरी लागते. तोही अंथरायचा." मेजावर रुमाल पसरत गेले. "पहिल्यापर्यंत पोहोचेस्तोवर एकही बेरीज पुरी होत नाही आणि मेजावर मात्र जागा लागत राहते. पस्तीस लाख रुमाल अंथरायला जेवढी जागा लागते तिचा शंभरावा भागसुद्धा त्या यंत्रात शिल्लक नाही. आपण आकडा मागितला तर अर्ध्या वाटेत यंत्र बंद पडेल."

"सगळ्यांत आतलं आधी सोडा," तुस्कानो म्हणाले.

"त्याला हात लावायचा तर बाहेरून आत शिरावं लागतं. दुसरी वाट नाही. तशी खिडकी ठेवलेली नाही."

"का ठेवली नाही?"

"मी ठेवू दिली नाही. आत डोकावता येतं तिथून आत ढवळताही येतं."

"आणि नाहीच मागितला आकडा, तर?" घोरपडेबाईंनी विचारले.

"नऊ दिवसांत स्मृती भरेल. यंत्र तेव्हाही बंदच पडेल."

घोरपडेबाईंनी एक रुमाल उचलला, त्याची घडी केली आणि खाली ठेवला.

"केळुसकर, साताऱ्याची ती सभा आठवते का तुम्हाला?"

त्यांना आठवत होती. मोहिमेच्या संगणन मंडळात दर शनिवारी शुद्धिसभा भरे. विरजेच्या पंथाचा हा रिवाज होता: क्रमातली जी जी ओळ बाहेरच्या जगाला स्पर्श करते, म्हणजे काही लिहिते, दाखवते, वाजवते, ती आरोपी म्हणून उभी करायची आणि तिचे समर्थन करणाऱ्याने तिची अपरिहार्यता सिद्ध करायची. सिद्ध झाली नाही तर ओळ खोडली जाई आणि सर्वांना चहा मिळे. उड्डाणाच्या सहा महिने आधी एका शनिवारी अशीच एक ओळ उभी राहिली होती: रोज सकाळी सहा वाजता संचयाचा आकडा फलकावर दाखव. तिची वकिली घोरपडेबाईंनी केली होती.

"मी एवढंच म्हटलं होतं," त्या आता म्हणाल्या, "की रोज एक आकडा डोळ्यांखालून गेलेला बरा. तुम्ही विचारलंत, 'त्या आकड्यावरून तुम्ही रोज काय करणार?' मी म्हटलं, काही नाही, बघणार. तर तुम्ही माझ्यावर सत्तावन्न पानांचं टिपण काढलंत."

"त्या टिपणातलं एकही विधान चूक नाही." हे बोलताना केळुसकरांचा आवाज सवयीने चढला आणि लगेच उतरला. "ती ओळ काढल्याने क्रमाच्या उत्तरात तसूभरही फरक पडत नाही, हे मी सिद्ध केलं होतं. ते आजही खरं आहे. पण ती सिद्धता उत्तराबद्दल होती. उत्तर निघेपर्यंत किती जागा व्यापली जाईल, याबद्दल तिच्यात अक्षर नाही. त्या ओळीमुळे रोज सकाळी कोणीतरी आकडा मागत होतं. म्हणून रोज सकाळी गाठोडं सुटत होतं आणि त्याच्या जागी एक साधी संख्या उरत होती. आम्ही सगळ्या चाचण्या ती ओळ असताना घेतल्या. ओळ काढल्यावर पुन्हा घेतल्या नाहीत, कारण... कारण काही बदललेलं नाही, हे सिद्ध झालं होतं."

"आणि चहा घेतलात," घोरपडेबाई म्हणाल्या.

पृथ्वीला संदेश गेला. तो पोहोचायला पावणेतीन तास आणि उत्तर यायला तितकेच. मंडळाचे उत्तर दोन ओळींचे होते: नियंत्रणक्रमाची सिद्धता तपासली असता ती अबाधित आढळली, तरी स्मृतिदीपाची जोडणी तपासून पाहावी. केळुसकरांनी ते दोनदा वाचले. आपण तिथे असतो तर आपणही हेच लिहिले असते, आणि कदाचित याहून तुसडेपणाने, हे त्यांना उमगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुस्कानोंना शीतकक्षात गाठले.

"समजा, आकड्याशिवाय उठवलं?"

"ऐका," डॉक्टर म्हणाले. "शीतनिद्रेत हृदय बंद असतं, श्वास बंद असतो, मेंदूत लहर नसते. शरीर चालू असल्याची एकच खूण उरते: पेशी दिवसाकाठी कणभर शीतविष तयार करतात. ते साठत जातं. उठवताना उतारा द्यायचा तो त्या साठ्याला बरोबर पुरेल एवढाच. कमी पडला तर मेंदू सुजतो. जास्त झाला तर मूत्रपिंडं जातात. शेकड्याला पाचाच्या वर चूक चालत नाही."

"सरासरी धरली तर? दिवसाला शून्य पूर्णांक दोन म्हणजे चारशे ब्याण्णव."

"तुमचं स्वतःचं मागच्या निद्रेचं मान सरासरीच्या दीडपट होतं. घोरपडेबाईंचं सरासरीहून कमी. वहिनींचं मला ठाऊकच नाही, त्या कधी उठल्याच नाहीत."

"झाकण उघडून नमुना घ्या."

"झाकण उघडलं की ऊब सुरू होते. तिथून मागे फिरता येत नाही. उतारा अर्ध्या तासात लागतो, आणि नमुन्याच्या पृथक्करणालाच पाऊण तास जातो." डॉक्टरांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "अंदाजाने मी तुमच्या बायकोला उठवणार नाही, केळुसकर. शिव्या द्या हवं तर."

केळुसकरांनी शिव्या दिल्या नाहीत. ते मंजूषेच्या मागच्या बाजूला गेले आणि बराच वेळ तिथे उकिडवे बसून राहिले. दोन मंजूषांच्या मधून एक जोडवाहिनी गेली होती. पृथ्वीवरच्या गोदीत तपासणी करताना एका यंत्राला दुसऱ्याची स्मृती उसनी देता यावी म्हणून ती घातलेली होती, आणि उड्डाणाआधी ती लाखेने बंद केलेली होती.

दुपारी त्यांनी प्रस्ताव मांडला. शेजारची मंजूषा त्यांची होती. रिकामी, सज्ज, स्मृती कोरी. लाख तोडायची, दोन स्मृती एक करायच्या आणि मग आकडा मागायचा. रुमाल अंथरायला दुप्पट मेज मिळेल, आणि त्यांच्या गणिताप्रमाणे तेवढे पुरे होते.

"आणि मग तुमच्या मंजूषेचं काय?" घोरपडेबाईंनी विचारले.

"ती पुन्हा चालणार नाही. प्रत्येक मंजूषेत शुद्धतेचा दाखला कोरलेला आहे. जोडणी बदललेली आढळली की यंत्र कोणाला निजवायचं नाकारतं. दाखला पृथ्वीवरच नव्याने मिळतो."

"हाही नियम तुमचाच असेल."

"माझाच."

घोरपडेबाईंनी खुर्ची मागे सारली. "आपल्याला परत पोहोचायला अजून बारा वर्षं आहेत. तुम्ही ती सगळी जागून काढणार? एका वेळी दोनच जागे राहतील असं धरून अन्न भरलंय. तुम्ही कायमचे तिसरे. शेवटची दोन वर्षं आपण सगळेच अर्धपोटी काढू."

"मी आजपासूनच अर्धपोटी राहीन. तुमच्या दोघांच्या वाट्याला हात लावणार नाही."

"वाट्याचं कोण बोलतंय? तुम्ही पंचावन्न वर्षांचे आहात. बारा वर्षं या डब्यात चालून चालून तुमची हाडं भुगा होतील. इरावती उठेल आणि बघेल तर तिचा नवरा म्हातारा."

"तिला त्यात फार नवल वाटणार नाही," केळुसकर म्हणाले. "लग्न झालं तेव्हापासून ती मला म्हातारा म्हणते."

घोरपडेबाई तुस्कानोंकडे वळल्या. "तुमचं मत?"

"आकडा मिळाला तर मी त्यांना उठवीन. तेवढी खात्री देतो."

"करा," त्या म्हणाल्या.

लाख तोडायला दोन दिवस लागले, कारण केळुसकरांनी प्रत्येक टाका आधी कागदावर तोडला. स्वतःच्या मंजूषेचा दाखला रद्द झाल्याची सूचना फलकावर उमटली तेव्हा त्यांनी ती वाचली आणि मिटवली. बावीस तारखेला सकाळी अकरा वाजता तिघे शीतकक्षात जमले. तुस्कानोंनी उताऱ्याच्या कुप्या ओळीने मांडल्या होत्या. केळुसकरांनी आकडा मागितला.

स्मृतीचा आलेख चढू लागला. यंत्र गाठोड्यांमागून गाठोडी उघडत आत शिरत होते. साठ टक्के. अडुसष्ट. चाळीस मिनिटे कोणी जागचे हलले नाही. त्र्याऐंशी टक्क्यांवर रेघ सपाट झाली आणि मग हळूच खाली वळली.

"तळ लागला," केळुसकर म्हणाले. "पहिलं मिनिट सापडलं. आता बेरजा करत ते बाहेर येतंय."

"जिंकलात म्हणा की," तुस्कानो म्हणाले आणि त्यांनी हातमोजे चढवले. घोरपडेबाईंनी केळुसकरांच्या पाठीवर एक थाप मारली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात इरावतीने त्यांना अनेकदा वादात हरवायचा प्रयत्न केला होता. उठल्यावर ही सारी हकीकत तिला सांगायची आणि तिचे हसणे मुकाट्याने ऐकून घ्यायचे, असे त्यांनी ठरवून टाकले.

आलेख उतरत असतानाच घंटा वाजली.

ती कर्कश आणि सलग होती. घोरपडेबाई भिंतीवरच्या मुख्य फलकाकडे धावल्या. "हवा ठीक. दाब ठीक. शीतक ठीक. काय वाजतंय हे? केळुसकर! स्मृती भरली का?"

स्मृती भरली नव्हती. आलेख संथपणे खाली येत होता. घंटा इरावतीच्या मंजूषेतून येत होती आणि तिच्या फलकावर अक्षरे उमटली होती: संचय थांबला. चयापचय शून्य. दिवस सहाशे बारा.

हे शब्द केळुसकरांना परके नव्हते. सबंध एक दिवस संचय वाढला नाही तर घंटा वाजव, ही अट त्यांनीच लिहिली होती. मात्र घंटेसाठी स्वतंत्र ओळ ठेवणे त्यांना गबाळे वाटले होते. म्हणून ती अट त्यांनी बेरजेच्या सूत्रातच नेटकेपणाने गुंफली होती. जी बेरीज कोणी केली नाही, तिच्यातली घंटाही कोणी वाजवली नाही. ती सहाशे बाराव्या दिवसाच्या गाठोड्यात बांधलेली राहिली, आणि ते गाठोडे आत्ता उघडले होते.

"डॉक्टर, काहीतरी करा!" घोरपडेबाई ओरडल्या. "ती आत्ता जातेय!"

"आत्ता नाही," केळुसकर म्हणाले.

घंटा थांबली. आलेख तळाला टेकला आणि आकडा आला: एकशे बावीस पूर्णांक चार. तुस्कानोंनी तो वाचला आणि हातातली सुई ताटलीत ठेवली.

"सहाशे बारा दिवसांचा संचय," ते हळूच म्हणाले. "त्यापुढचा नाही."

"त्या दिवशी ही वाजली असती तर?" केळुसकरांनी विचारले.

"संचय थांबल्यावर दोन दिवस हाताशी असतात. त्यांना उबवलं असतं. बहुतेक वाचल्या असत्या."

केळुसकर ताठ उभे राहिले. पुढे जे बोलले ते शुद्धिसभेत बोलावे तितके सुसंगत होते. "शून्य हे संवेदकाचं वाचन आहे. संवेदक निकामी झाला तरी शून्यच येईल. या आकड्यावरून एवढंच सिद्ध होतं की सहाशे बाराव्या दिवसानंतर मोजमाप झालेलं नाही. मृत्यू सिद्ध होत नाही. तुम्ही झाकण उघडा आणि नमुना घ्या. संवेदक तपासा. मगच बोला."

घोरपडेबाईंनी मान फिरवली. तुस्कानोंनी वाद घातला नाही. त्यांनी झाकण उघडले, नमुना घेतला, संवेदक काढून प्रमाणद्रवात बुडवला आणि नोंद पाहिली. मग तो पुन्हा बुडवला, पुन्हा पाहिली. नमुन्याचे पृथक्करण व्हायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ केळुसकर उभेच होते. मंजूषेतून उबेची पहिली वाफ वर येत होती.

डॉक्टरांनी हातमोजे उतरवले.

"संवेदक चांगला आहे, केळुसकर," ते म्हणाले. "वहिनी पाच वर्षांपूर्वीच गेल्या."